कॉलेज बदलण्याआधी बाबांची वही माग

"मॅडम, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातली. शिवाजी विद्यापीठाच्या एका सरकारी कॉलेजात बीबीएचं पहिलं वर्ष पूर्ण केलं, ७४ टक्के पडले. पण मन लागत नाही. सर नोट्स सांगतात, आम्ही उतरवून घेतो. एका विषयाला वर्षभरात तीन सर झाले. पुस्तकं इंग्रजीत, वर्गातलं बोलणं मराठीत आणि पेपर पुन्हा इंग्रजीत. माझा मावसभाऊ पुण्यात एका खासगी विद्यापीठात बीबीए करतो. त्यांच्याकडे एसी वर्ग, कंपन्यांचे पाहुणे, प्रेझेंटेशनं. तो म्हणतो, 'तुमच्याकडच्या डिग्रीला कोण विचारतंय?' तिथली फी वर्षाला साडेतीन लाख. बाबा म्हणतात, कर्ज काढू, नाहीतर रस्त्याकडेचे वीस गुंठे विकू, पण तुझं नुकसान होऊ देणार नाही. आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. आई म्हणते, आहेस तिथंच शीक. मी काय करू? खरं तर मला आमच्याच धंद्यात काहीतरी करायचंय, पण घरी बोलले नाही. सौद्याला, म्हणजे बेदाण्याच्या लिलावाला, भाऊच जातो, मी कधी गेलेली नाही. – एक विद्यार्थिनी, तासगाव"

प्रिय मुली,

आधी उत्तर देते, म्हणजे तुझ्या जिवाला घोर राहणार नाही. वीस गुंठे विकायचे नाहीत आणि कॉलेजही सोडायचं नाही. आई बरोबर आहे. मात्र ती म्हणते त्या 'आहेस तिथंच शीक'मध्ये मला बरीच भर घालायची आहे, कारण तुझी तक्रार खोटी नाही.

तू 'सरकारी कॉलेज' म्हणतेस. तुझं कॉलेज बहुधा अनुदानित असावं, आणि त्यातला बीबीएचा वर्ग विनाअनुदानित. आपल्याकडच्या पुष्कळ अनुदानित कॉलेजांत बीए-बीकॉमला सरकारी पगारावरचे प्राध्यापक असतात. बीबीए-बीसीए मात्र मुलांच्या फीवर चालतात आणि तिथं तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही याचा भरवसा नाही. असा माणूस सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास होऊनही तीन कॉलेजांत धावत असतो आणि जरा बरी नोकरी मिळाली की सत्राच्या मध्येच जातो. तुझे तीन सर असेच गेले असणार. त्यांच्यावर राग धरू नकोस. मी अशाच एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, शिकवलं. शेजारच्या खुर्चीवर बसणारे हुशार तरुण सहकारी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुकानात हिशेब लिहायला जायचे, ते मी पाहिलं आहे. व्यवस्थेचा हा दोष मोठा आहे आणि त्याची किंमत तुझ्यासारख्या मुली मोजतात.

पण पुण्याला साडेतीन लाख भरून हा दोष भरून निघेल का? मला तसं वाटत नाही. एसी वर्गातही फेयॉलची व्यवस्थापनाची तीच १४ तत्त्वं आणि ना नफा ना तोटा दाखवणारा तोच ब्रेक-इव्हन पॉइंट. तिथं जास्त मिळतं ते बोलण्याचा सराव, ओळखी आणि कंपन्यांची ये-जा. या गोष्टींना मोल आहे, नाही असं मी म्हणणार नाही. मात्र पदवीच्या पातळीवर ते मोल दहा लाखांचं नाही.

हिशेब करून बघ. तिथं पुन्हा पहिल्या वर्षाला बसवलं तर तीन वर्षांचे साडेदहा लाख. थेट दुसऱ्या वर्षाला घेतलं तर सात. वर पुण्यातलं राहणं-जेवण. दहा लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं म्हटलं तरी महिन्याला साडेसोळा हजारांच्या पुढे हप्ता येतो, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळं. बीबीए झालेल्या मुलीला पुण्यात पहिली नोकरी लागली तरी खोलीभाडं आणि हा हप्ता दिल्यावर हातात काय उरेल? शिवाय ती नोकरी तुला करायचीच नाहीये. ते तूच लिहिलं आहेस, पत्राच्या पार तळाशी.

तरीही घरच्यांना जायचंच असेल, तर फी भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाकडून एक गोष्ट लेखी घ्या: तुझ्या पहिल्या वर्षाचे किती क्रेडिट ते धरणार? नव्या शैक्षणिक धोरणानंतर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुझे क्रेडिट जमा होतात, हे खरं. पण जमा असणं वेगळं आणि समोरच्यानं मान्य करणं वेगळं. काउंटरवरची मुलगी "हो, होईल सगळं" म्हणते, त्यावर जाऊ नका.

पैसा लावायचा तर पुढे लावा, एमबीएला. आणि तिथंही आधी सार्वजनिक संस्थांची दारं ठोठाव. मावसभाऊ म्हणतो, तुमच्याकडच्या डिग्रीला कोण विचारतंय. त्याला सांग, मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघालं, ते देशातल्या सगळ्यात जुन्या वाणिज्य महाविद्यालयांपैकी एक आणि ते सरकारी आहे. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं अर्थशास्त्र शिकवत होते. चर्चगेटचं जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट १९६५ साली मुंबई विद्यापीठानं अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सहकार्यानं सुरू केलं आणि आजही ते विद्यापीठाचंच आहे. पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग, ज्याला सगळे 'पुंबा' म्हणतात, तोही सार्वजनिक. बजाज, पुंबा आणि सिडनहॅमची वेगळी सरकारी व्यवस्थापन संस्था, या तिन्ही ठिकाणी एमबीएला जायची वाट राज्याच्या सीईटीतून, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेतून आहे: २०० प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. निम्मे प्रश्न तर्कबुद्धीचे, बाकीचे गणित आणि इंग्रजीचे. फेयॉलवर त्यात एकही प्रश्न नसतो. म्हणजे पुण्यातल्या एसी वर्गातला मुलगा आणि तू, या परीक्षेला एकाच रेषेवरून धावता. तुझ्याकडे तयारीला जवळजवळ दोन वर्षं आहेत. रोज तासभर दिलास तरी पुष्कळ झालं.

आणखी एक गोष्ट घरात मोठ्यानं वाचून दाखव. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, मराठा आरक्षणाचा एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांना पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून नको. आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना हा निर्णय लागू नाही. म्हणजे मावसभावाच्या विद्यापीठात तुला एक रुपयाची सूट नाही, आणि दोन वर्षांनी सीईटीतून सरकारी संस्थेत गेलीस तर या प्रवर्गात बसत असल्यास शिक्षण शुल्क शून्य. तुझा प्रवर्ग पत्रात नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत, त्याही राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच. उत्पन्नाचा दाखला आणि बाकीची कागदपत्रं मात्र आधीच काढून ठेव. प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलमध्ये कसली रांग असते ते तुला माहीतच असेल.

हा झाला पैशाचा भाग. आता ज्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला घेतलं, त्याकडे येते.

तू लिहितेस, सौद्याला भाऊच जातो. बाळा, व्यवस्थापनाचा सगळा अभ्यासक्रम तुमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये रॅकवर वाळत पडलाय, आणि तू तासगावातून पुण्याकडे बघत बसली आहेस.

चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमाराला. औषधं, खतं, मजुरी हा खर्च तेव्हापासून सुरू. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो, डिपिंग ऑइलमध्ये बुडवून रॅकवर टाकतात, वाळतो, मळणी होते, प्रतवारी होते, बॉक्स भरतात. मग बाबांसमोर प्रश्न उभा राहतो: आत्ता सौद्याला काढायचा की कोल्ड स्टोअरेजला ठेवून दसरा-दिवाळीची वाट बघायची? दरवर्षी आपल्याकडचा शेतकरी हा निर्णय अंदाजानं घेतो. "गेल्या साली थांबलो तर वीस रुपये जास्त मिळाले," एवढ्यावर.

तुझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात 'खेळतं भांडवल' नावाचं प्रकरण असेल. ते काढ आणि बाबांच्या मालाला लाव. समज, आज भाव किलोला १५० रुपये आहे आणि तुमचा माल आठ टन. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुमचे वेगळे असतील. सहा महिने थांबायचं आणि अंगावरच्या कर्जाला वर्षाला १२ टक्के व्याज पडत असेल, तर सहा महिन्यांचे सहा टक्के, म्हणजे किलोमागे नऊ रुपये. कोल्ड स्टोअरेजचं भाडं महिन्याला किलोमागे एक रुपया धरलं तर आणखी सहा. म्हणजे दिवाळीत १६५ रुपये भाव निघाला तर बाबांना काहीही जास्त मिळालेलं नाही. सहा महिन्यांची धाकधूक मात्र फुकटची. आठ टनांवर एक लाख वीस हजार रुपये नुसत्या थांबण्याचे. हे तूच घरात प्रथम मांडलंस तर काय होईल? बाबा म्हणतील, "आपण यंदा कर्जच काढलं नाही, मग व्याज कसलं?" तेव्हा त्यांना विचार, की तेच बारा लाख एप्रिलमध्ये हातात आले असते तर तुम्ही कुठं लावले असते? पुस्तकात याला संधी खर्च म्हणतात. पेपरात त्याची व्याख्या दोन मार्कांची येते, घरात ती दरवर्षी लाखाची असते.

मला हे उशिरा कळलं, म्हणून तुला कळकळीनं सांगते. बीकॉम, एमकॉम होऊन १९८९ साली मी एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात लागले. संयुक्त उत्पादन आणि उपउत्पादन हे प्रकरण मला तोंडपाठ होतं. पहिल्याच महिन्यात हेडक्लार्क काकांनी विचारलं, "बाई, उसाच्या खर्चातला किती खर्च मळीवर टाकायचा आणि बगॅसवर किती?" मी गप्प. ज्या चिपाडाच्या ढिगावरून वारा सुटला की माझ्या साडीवर भुसा उडायचा, तोच तो बगॅस, तेच ते उपउत्पादन, हे माझ्या डोक्यात कधी जुळलंच नव्हतं. काकांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं. त्यांनी मला शेजारी बसवून पंधरा दिवस शिकवलं. ते पंधरा दिवस हेच माझं खरं पदव्युत्तर शिक्षण, असं मी आजही मानते. पुढे शिकवायला लागल्यावर मी प्रत्येक वर्गाला पहिल्या आठवड्यात घरातल्या एखाद्या धंद्याची हिशेबाची वही आणायला सांगायची. मुलगे आणायचे. मुली म्हणायच्या, "मॅडम, वही पप्पा दाखवत नाहीत." दरवर्षी हेच. मला त्याचं फार वाईट वाटायचं, अजून वाटतं.

म्हणून, कॉलेज बदलण्याआधी बाबांची वही माग. गेल्या तीन हंगामांच्या अडत्याच्या पट्ट्या माग. त्यात भाव किती निघाला, तूट किती धरली, हमाली-तोलाई किती, पैसे किती दिवसांनी आले, सगळं असतं. हिरवा, पिवळा, काळा, असे प्रतवारीप्रमाणे वेगळे भाव असतात. ते सगळं एक्सेलमध्ये भर. सौद्यात बॉक्स फोडून माल दाखवताना जी उधळण होते, तिचं वजन शेतकऱ्याच्याच माथी बसतं म्हणून तासगाव-सांगलीत शेतकरी किती वर्षं ओरडताहेत. तुमच्या घरचं तीन वर्षांचं उधळणीचं वजन किती, त्याचे पैसे किती, ते काढ. बाबा नाही म्हणतील असं मला वाटत नाही. जो माणूस मुलीसाठी रस्त्याकडेची जमीन विकायला निघतो, तो तिला वही का दाखवणार नाही? तू मागितलीच नसशील. 'मला आपल्याच धंद्यात यायचंय' हे एक वाक्य तू घरात बोलली नाहीस आणि त्या न बोललेल्या वाक्यापायी वीस गुंठे विकायला निघाले आहेत.

भाऊ असताना मुलीनं का, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. भावाचं काही काढून घ्यायचं नाहीये. तो भाव ओळखतो, अडत्याशी बोलतो, ते तुला अजून येत नाही. तुला जे मांडता येईल ते त्याला येत नसेल. दोघं मिळून बसा.

कॉलेजकडून काय घ्यायचं, तेही सांगते. अनुदानित कॉलेज असेल तर ग्रंथपालांना एन-लिस्टचं लॉगिन माग. हजारो ई-पुस्तकं त्यावर असतात आणि वर्षानुवर्षं ती कोणी उघडत नाही. स्वयम् पोर्टलवर व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम फुकट आहेत, त्यांचं समन्वयाचं काम आयआयएम बंगळुरूकडे आहे. इंटर्नशिपचे क्रेडिट असतील तेव्हा कोणाच्या तरी ऑफिसचा शिक्का मारून आणू नकोस. एखाद्या कोल्ड स्टोअरेजच्या मॅनेजरकडे महिनाभर खरोखर बस. माल आत कसा येतो, पावती कशी होते, त्या पावतीवर बँक कर्ज कशी देते, हे बघ.

इंग्रजीची भीती खरी आहे आणि ती लाजण्यासारखी नाही. विषय आधी मराठीत समजून घे, मग इंग्रजीत लिही; उलट केलंस तर दोन्ही हुकतं. रोज वाचायला कादंबरी नको. तुमच्या शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. तिथल्या कंपनीचा वार्षिक अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. रोज एक पान, शब्दकोश घेऊन. पहिल्या महिन्यात डोकं दुखेल. चौथ्या महिन्यात तोच शब्द पुन्हा पुन्हा येतोय हे लक्षात येईल, कारण धंद्याच्या इंग्रजीत शब्द थोडेच असतात. अहवाल संपला की वर्गातल्या दोघी-तिघींना जमवून त्यावर पाच-पाच मिनिटं बोला. प्रेझेंटेशनला एसी लागत नाही.

किर्लोस्करवाडीचं नाव काढलंच आहे तर एक सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत होती. माल चांगला, गिऱ्हाईक समोर आणि विक्री नाही. मार्केटिंगचा याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात मिळेल? १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि कुंडलच्या माळावर कारखाना आला. पुढे १९२० मध्ये कारखान्यानं स्वतःचं 'किर्लोस्कर खबर' काढलं. नांगराच्या कारखान्यानं मासिक का काढावं, याचं एक पानभर उत्तर लिहून काढ. आणि भिलवडीच्या चितळ्यांचा दूधधंदा १९३९ सालचा, तोही त्याच पट्ट्यातला. तुझ्या मावसभावाला केस स्टडी म्हणून परदेशी कंपन्या शिकवत असतील. त्या वाईट नाहीत. पण तुझ्या केस स्टडी एसटीनं जाऊन बघता येतात आणि तिथल्या माणसांशी तुझ्याच भाषेत बोलता येतं.

प्लेसमेंटबद्दल मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. तुझ्या कॉलेजात कंपन्या रांग लावणार नाहीत. वर्गातल्या ज्या मुलींना पदवीनंतर लगेच शहरात नोकरी हवी आहे आणि मागे शेत-धंदा काहीच नाही, त्यांना माझा सल्ला थोडा वेगळा असता. त्यांना मी टॅली, जीएसटी, एक्सेल आत्तापासून पक्कं करायला सांगितलं असतं आणि सांगली-कोल्हापूरच्या कर सल्लागारांकडे पार्टटाइम जायला लावलं असतं. तुझी गोष्ट निराळी आहे. तुझ्या घरात धंदा आहे, मनात इच्छा आहे आणि डोक्यावर कर्ज नाही. फी कमी असलेल्या कॉलेजनं तुला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच: चुकायला मोकळीक. कर्ज असतं तर पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागली असती.

या आठवड्यात बाबांशी बोल. जेवणं झाल्यावर, भाऊ असताना, आईसमोर. पट्ट्या हातात आल्या की सहा महिन्यांचा तो हिशेब तुमच्या खऱ्या आकड्यांनी पुन्हा कर. आणि पुढच्या सौद्याला भावाबरोबर तूही जा, मागे उभी राहू नकोस, बॉक्स फोडतात तिथं उभी राहा. तुमच्या मालाला काय भाव निघाला आणि तुझ्या कागदावर काय निघाला होता, दोन्ही मला कळव.